कॉलेज ग्रंथालय: सूचना पोहोचतात, पण नवीन पुस्तकं, कार्यशाळा आणि डेटाबेस वापरले जात नाहीत

ग्रंथालय_सहायक (प्रश्न)

नमस्कार. पदवी महाविद्यालयाचं ग्रंथालय आहे, कर्मचारी मोजकेच. दर आठवड्याला विद्यार्थ्यांना ईमेल आणि ग्रुपवर एक सूचना जाते. त्यात नवीन पुस्तकांची यादी, येत्या कार्यशाळा आणि वर्गणी भरलेल्या डेटाबेसची (लेख आणि ई-पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांची) नावं व दुवे असतात. सूचना उघडली जाते, पण पुढे काही होत नाही. घरून दुवा चालत नाही, यादीतलं पुस्तक मांडणीवर सापडत नाही, अशा तक्रारी येतात. कार्यशाळेला जेमतेम पहिली रांग भरते. डेटाबेसच्या नूतनीकरणाची वेळ जवळ येते आहे आणि वापराचे आकडे कमी आहेत. सुरुवात कुठून करावी?

ई_साधने_विभाग

दुव्यांपासून करा. दुवा एकदा चालला नाही की विद्यार्थी पुन्हा त्या वाटेला जात नाही, आणि मग सूचना कितीही चांगली लिहिली तरी उपयोग नसतो.

बहुतेक प्रकाशक महाविद्यालयाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतात. ग्रंथालयातल्या संगणकावर सगळं आपोआप उघडतं, म्हणून कर्मचाऱ्यांना दोष दिसतच नाही. त्यामुळे पाठवण्याआधी प्रत्येक दुवा मोबाइलच्या डेटावर, वायफाय बंद करून, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून पाहा. लॉगिन मागितलं आणि लॉगिननंतर थेट तोच लेख उघडला, तरच दुवा बरोबर आहे. प्रकाशकाचं मुखपृष्ठ उघडलं तर तो बरोबर नाही.

दुवे बिघडण्याची नेहमीची कारणं:

- ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता तसाच उचलला जातो. अनेक डेटाबेसमध्ये त्या पत्त्यात त्या बैठकीचा (सेशनचा) ओळखक्रमांक असतो. बैठक संपली की दुवा मरतो. त्याऐवजी नोंदीपाशी दिलेला कायमस्वरूपी दुवा किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) घ्या.
- ईझेडप्रॉक्सीसारखी, घरून येणाऱ्याला लॉगिननंतर कॉलेजच्या आयपी पत्त्यावरून आत नेणारी, व्यवस्था असेल तर दुव्याच्या आधी प्रॉक्सीचा उपसर्ग लागतो. तो लावायचा राहिला की बाहेरच्या विद्यार्थ्यासमोर लेख विकत घेण्याचं पान येतं आणि त्याला वाटतं, कॉलेजकडे हे नाहीच.
- उपसर्ग लावून डीओआय दिला आणि प्रॉक्सीनंच नकार दिला, तर डीओआयचं संकेतस्थळ प्रॉक्सीच्या यादीत घातलेलं नसतं. एकदा घातलं की काम होतं.
- प्रकाशक डोमेन बदलतो आणि प्रॉक्सीतली नोंद जुनीच राहते. लेखाचं पान दिसतं पण पीडीएफ उघडत नाही, हे त्याचं ठरलेलं लक्षण. पीडीएफ वेगळ्या सर्व्हरवरून येते आणि तो यादीत नसतो.
- इंटरनेट सेवा बदलली की महाविद्यालयाचे आयपी पत्ते बदलतात. प्रत्येक प्रकाशकाला नवे पत्ते कळवावे लागतात. ही जबाबदारी कोणाची, ते संगणक विभागाशी आधीच ठरवून घ्या.

आणखी एक. डेटाबेसची नुसती नावं पाठवू नका. त्या नावावरून आत काय आहे, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळणं शक्य नाही. त्या आठवड्यात वर्गात चाललेल्या विषयावरचा एकच लेख किंवा ई-पुस्तकातलं एक प्रकरण निवडा आणि थेट तिथे नेणारा दुवा द्या.

देवघेव_आणि_तालिका

पुस्तक सापडत नाही या तक्रारीचं मूळ बहुधा यादी काढण्याच्या वेळेत असतं. दाखल नोंद झाली की यादी काढली जाते. पण वर्गांकाची (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाची) चिठ्ठी, शिक्का, बारकोड आणि तालिकेतली (पुस्तकांच्या कॅटलॉगमधली) स्थिती व्हायची असते, पुस्तक टेबलावरच असतं. यादीची अट बदला: चिठ्ठी लागलेली, स्थिती 'उपलब्ध' असलेली आणि प्रत्यक्ष मांडणीवर ठेवलेलीच पुस्तकं.

दुसरी जागा म्हणजे नवीन पुस्तकांचा स्टँड. पुस्तक स्टँडवर आणि तालिकेत मात्र नेहमीची मांडणी, अशी फारकत झाली की विद्यार्थी रिकाम्या जागेपाशी उभा राहतो. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतीच्या नोंदीत मांडणीचं ठिकाण बदलता येतं. स्टँडवर ठेवताना 'नवीन पुस्तके' करा, पुस्तक परत जाताना मूळ ठिकाण भरा. बारकोडची यादी देऊन सगळ्या प्रतींचं ठिकाण एकदम बदलण्याची सोय आहे, एकेक नोंद उघडू नका. स्टँडवरचं पुस्तक घरी न्यायला आणि राखून ठेवायला परवानगी असू द्या. ती नसेल तर स्टँड नुसता बघण्याचा राहतो.

मुखपृष्ठांची पट्टी ओपॅकवर (विद्यार्थ्यांना दिसणाऱ्या ऑनलाइन तालिकेवर) दाखवायची असेल तर कोहात त्यासाठी प्लगइन आहे. ते एका सार्वजनिक अहवालावर चालतं. मुखपृष्ठ आयएसबीएनवरून येतं, त्यामुळे जुन्या आणि छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांना कोरी चौकट दिसते. त्यांची मुखपृष्ठं स्वतः स्कॅन करून चढवा, नाहीतर नेमकी तीच पुस्तकं मागे पडतात.

सूचनेत वर्गांक द्याच, आणि तो वाचायचा कसा तेही एकदा सांगा. ड्यूई वर्गीकरणात बिंदूनंतरचे अंक दशांश म्हणून वाचायचे: ५१०.१९ आधी, ५१०.२ नंतर. एकोणीस मोठा म्हणून पुढच्या फळीवर शोधणारे खूप असतात.

माहिती_साक्षरता

कार्यशाळेबद्दल. 'डेटाबेस परिचय' या नावाला कोणी येत नाही, कारण त्या दिवशी कोणाला डेटाबेसची गरज नसते. विभागाकडून प्रकल्पांच्या तारखा मागून घ्या. विषय ठरल्यानंतर आणि लेखन सुरू होण्याआधी, शिक्षकाच्याच तासात, ४५ मिनिटं मागा. विद्यार्थी तिथे असतातच आणि प्रत्येकाकडे स्वतःचा विषय असतो. सगळी साधनं दाखवायचा मोह टाळा. एक डेटाबेस, एक शोध, एक संदर्भसूची एवढंच त्या वेळात नीट होतं.

शोध फळ्यावर बांधा. विषय 'शेतजमिनीतील मायक्रोप्लास्टिक' असेल तर अख्खं वाक्य शोधखिडकीत टाकून काही मिळत नाही. दोन कल्पना वेगळ्या करा: मायक्रोप्लास्टिक, आणि माती. मातीसाठीचे पर्यायी शब्द 'ऑर'नं जोडून कंसात घाला, दोन्ही कल्पना 'अँड'नं जोडा. शब्दाच्या शेवटी तारांकन लावलं की एकवचन-अनेकवचन दोन्ही येतात. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घाला. निकाल हजारोंनी आले तर शोध शीर्षक आणि सारांशापुरता मर्यादित करा. अगदीच कमी आले तर आधी वर्षाची मर्यादा काढा, मग पर्यायी शब्द वाढवा.

तयारीतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकाच वेळी किती जणांना प्रवेश आहे, हे न तपासणं. परवाना ३ वापरकर्त्यांचा असेल आणि वर्गात ४० जण एकदम लॉगिन करतील, तर चौथ्यापासून सगळ्यांना नकार मिळतो. करार पाहा. काही पुरवठादार प्रशिक्षणापुरती मर्यादा वाढवून देतात, पण त्यांना आधी लेखी कळवावं लागतं. ते जमत नसेल तर शोध पडद्यावर एकत्र करा आणि विद्यार्थ्यांकडून मुक्त प्रवेशाच्या साधनांवर सराव करून घ्या.

झोटेरो (संदर्भ जमवून सूची करणारा प्रोग्राम) शिकवणार असाल तर प्रोग्राम आणि ब्राउझरचा कनेक्टर आदल्या दिवशी बसवून यायला सांगा. दोन्ही लागतात, नुसता कनेक्टर पुरत नाही. मोफत ऑनलाइन साठा ३०० एमबी आहे आणि पीडीएफ जोडत गेलं की तो लवकर भरतो. फाइलींचं समक्रमण बंद ठेवलं तर संदर्भांच्या नोंदी तरीही समक्रमित होत राहतात.

पोस्टरवर क्यूआर कोड लावत असाल तर कॉलेजच्याच डोमेनवरच्या छोट्या पत्त्याचा स्थिर कोड करा. मोफत सेवांचे 'बदलता येणारे' कोड त्या सेवेच्या सर्व्हरमार्फत जातात, खातं संपलं की पोस्टर निकामी. कोडाची रुंदी वाचायच्या अंतराच्या साधारण दहावा भाग हवी: एक मीटरवरून वाचायचा असेल तर १० सेंमी. भोवती पांढरी कड सोडा.

ग्रंथालय_सहायक

खूप उपयोगी, सर्वांचे आभार. घरून तपासलं तर अर्ध्याहून अधिक दुव्यांना उपसर्गच नाही. आता नूतनीकरणाचं विचारते. समितीपुढे कोणते आकडे ठेवावेत? पुरवठादाराच्या अहवालात चार-पाच प्रकारचे आकडे आहेत आणि प्रत्येक वेगळं सांगतो.

ई_साधने_विभाग

मॅडम, पुरवठादाराची स्वतःची तक्तेवारी बाजूला ठेवा आणि काउंटर पद्धतीचा (ई-साधनांचा वापर मोजण्याच्या सामाईक मानकाचा) अहवाल मागा. सगळे एकाच व्याख्येनं मोजतात, म्हणून तुलना करता येते. 'इन्व्हेस्टिगेशन' म्हणजे नोंद, सारांश वगैरे पाहणंही धरलेलं असतं. 'रिक्वेस्ट' म्हणजे पूर्ण मजकूर उघडला किंवा उतरवला. समितीपुढे 'युनिक रिक्वेस्ट' ठेवा. एकाच बैठकीत तोच लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफमध्ये उघडला तर तो तिथे एकदाच मोजला जातो. नियतकालिकांसाठी 'टीआर जे१' घ्या, त्यात प्रकाशकानंच सर्वांसाठी खुले केलेले, म्हणजे सुवर्ण मुक्त प्रवेशाचे, लेख वगळलेले असतात. तुमच्या वर्गणीमुळे झालेला वापर पाहायला तोच उपयोगी.

नकारांचा अहवाल, 'टीआर जे२', बहुतेक जण उघडतही नाहीत आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात दोन आकडे असतात. 'नो लायसन्स' म्हणजे विद्यार्थ्याला हवं होतं, पण आपल्या परवान्यात नाही. 'लिमिट एक्सीडेड' म्हणजे परवाना आहे, जागा भरलेल्या होत्या. दुसरा आकडा मोठा असेल तर डेटाबेस बंद करण्याऐवजी वापरकर्त्यांची मर्यादा वाढवायला हवी. फक्त ती कार्यशाळेच्या दिवसाची उसळी नाही ना, हे पाहा. अहवालात आकडे महिन्यानुसार असतात, तेव्हा कार्यशाळेच्या तारखा शेजारी लिहून ठेवा.

आणि समितीला स्पष्ट सांगा की गेल्या वर्षीचे आकडे बिघडलेल्या दुव्यांचे आहेत. त्यावरून गरज नाही असा निष्कर्ष काढून एखादं नियतकालिक तोडणं चुकीचं ठरेल. दुवे दुरुस्त केल्याची तारीख नोंदवा, पुढच्या पूर्ण सत्राचे आकडे वेगळे काढा. करार एका वर्षाचाच करा, बहुवार्षिक नको. वर्गणी थांबवावीच लागली तर आधी भरलेल्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील का, हे करारात शोधा. ते कलम प्रत्येक परवान्यात असतंच असं नाही.

देवघेव_आणि_तालिका

त्याच्याच जोडीला: एखादं ई-साधन बंद झालं की त्या दिवशीच ओपॅकमधल्या नोंदींतले त्याचे दुवे काढा. ई-पुस्तकांच्या नोंदी गठ्ठ्यानं चढवताना प्रत्येक नोंदीत पुरवठादाराचं नाव एका ठरलेल्या क्षेत्रात भरलेलं असेल, तर तेवढ्याच नोंदी शोधून एका फेरीत काढता येतात. तसं भरलेलं नसेल तर पुढचा गठ्ठा चढवण्याआधी तेवढं करून घ्या.