पाळलेला साप चावला म्हणून त्याच्या नाकावर टिचक्या मारायच्या?

खानापूरकर: काल आपल्या बेळगावच्या प्राणीपाळांच्या गटावर एकानं लिहिलंय, 'माझा बॉल पायथन महिन्यात तीनदा चावला. स्वभावच रागीट. चावला की नाकावर टिचकी मारा, दमेपर्यंत धरून ठेवा, वळण लागतं.' खाली वाहवा करणारेच जास्त. म्हणून एवढं लिहितोय.

सापाला शिक्षा कळत नाही. हा हात दुखवतो, एवढंच त्याच्या ध्यानात राहतं. आधी चावा कसला ते बघा. धरून ठेवलं, विळखा घातला, तर त्यानं तुम्हाला उंदीर समजलं. टोचून लगेच सोडलं, तर तो घाबरलाय. उंदीर हाताळून त्याच हातानं पेटी उघडली तर दोष कुणाचा? त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात तुमचा ऊबदार हात त्याला भक्ष्यच वाटणार.

मी लांब चिमट्यानं खायला घालतो. एरवी बाहेर काढायच्या आधी हुकनं, म्हणजे वाकड्या टोकाच्या काठीनं, पाठीला हलकेच स्पर्श करतो. स्पर्श झाला की जेवण नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलंय. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावत नाही. डोळे निळसर-दुधाळ झाले की कात टाकायला आलाय, त्याला नीट दिसत नाही. तेव्हा तर मुळीच नाही. सहा वर्षांत दोन चावे खाल्ले, दोन्ही माझ्या घाईमुळे.

टिळकवाडीचा नाना: टिचकी चूक, मान्य. पण सगळं खापर माणसावर फोडू नका. माझ्याकडे एकाच विणीचे दोन कॉर्न स्नेक आहेत. पेटी तीच, हात तोच. एक मनगटावर निवांत बसतो. दुसरा झाकण सरकलं की शेपूट थरथरवतो आणि झेप घेतो. चार वर्षं झाली, काडीचा फरक नाही. याला स्वभाव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

खानापूरकर: भित्रा म्हणा, नाना. रागीट म्हटलं की लोकांचा हात उठतो, माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

चिकोडीची लेक: मुळात साप घरात ठेवायचाच कशाला? उसाला पाणी पाजताना माझ्या मामाला घोणस चावली. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला होता म्हणे, पण मोटारीच्या आवाजात कळलं नाही. आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, दोन तास तिथंच गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. मामा वाचला, पण तो पाय अजून सुजतो. आणि तुम्ही इथं हौसेच्या गप्पा मारायलाय.

खानापूरकर: ताई, मामांचं वाचून वाईट वाटलं. पण बॉल पायथन बिनविषारी, आफ्रिकेतला. चावला तर साबणानं धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. आपल्याकडचा जंगली साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदीच आहे, मीही त्याच्या विरोधातच. परदेशी सापाची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. माझी केलेली आहे.

येळ्ळूरचा शेतकरी: पाळणारं परवडलं. त्या सर्पमित्रांचं बोला की! आमच्या भाताच्या खळ्यावर धामण निघाली. पोरगं आलं, शेपटीला धरून उलटी टांगली, मोबाइलवाल्यानं तीन बाजूंनी रील काढली. धामण दोनदा चावली त्याला, तरी सोडंना. उंदीर खाणारं जनावर हाय ते, आमचं धान राखतंय!

रात्रपाळी: काका, सरसकट बोलू नका. मी पण सर्पमित्र आहे. रात्री दोनला फोन आला की पदरचं पेट्रोल घालून जातो. परवा एका घरात नाग काढला, तर घरमालक म्हणाला, पाच मिनिटं फणा काढून दाखव, पोरांना बघायचंय. मी नाही म्हटलं तर चहासुद्धा विचारला नाही. रील आम्हीच काढतो असं नाही, तुम्ही मागता!

येळ्ळूरचा शेतकरी: मी मागितली नव्हती. माझ्यावर कशाला चिडायलास?

चिकोडीची लेक: आणि जांबोटीच्या रस्त्यावर हिरवा चापडा, तोही विषारीच, हातावर घेऊन फोटो काढणारे? आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी. चापड्यासाठी नाही. चावला तर डॉक्टरनं काय करायचं?

रात्रपाळी: ते मात्र चूक. शेपटीला टांगणं पण चूकच, सापाच्या मणक्याला इजा होते. मीही सुरुवातीला केलंय. आता हुक आणि पिशवीच.

वडगावकर: साप निघाला तर फोन कुणाला, त्याचा फलक आमच्याकडं फक्त कन्नडमध्ये. आजीला वाचता येईना.

टिळकवाडीचा नाना: भाषेचा वाद इथं नको.

वडगावकर: वाद नाही नाना. परसात मण्यार असताना आजीनं अर्धा तास शेजारी उठायची वाट बघितली.

टिळकवाडीचा नाना: मग बरोबर आहे तुझं.

मूळ पोस्टवाला: ज्याच्यावर एवढं लिहिलंय तो मीच. टिचकीचं मला दुकानदारानंच सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सोडेना म्हणून हात ओढून काढला, सात ठिकाणी फाटला.

खानापूरकर: ओढायचं नाही रे! दात मागं वळलेले असतात. तोंडावर गार पाणी सोडायचं, सोडतो. पेटी कुठं ठेवलीस? लपायला जागा आहे काय?

मूळ पोस्टवाला: हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. चारी बाजूंनी काच. लपायला काही नाही, मग दिसणार कसा?

खानापूरकर: दिवसभर उघड्यावर बसवलास त्याला. अंग घासून बसेल एवढी अरुंद जागा दे, पेटी आतल्या खोलीत ने. आठ दिवस हात लावू नको. गरम बाजूला ३२ अंशांच्या आसपास आहे का तेही बघ.

मूळ पोस्टवाला: (चार दिवसांनी) फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा घातला. दहा मिनिटांत आत शिरला, आता फक्त नाक दिसतंय. गरम बाजू २६ निघाली, दिवा बदलला. टिचकी बंद. पण रागीट हा शब्द अजून मागं घेतला नाही, आठ दिवस होऊ देत.