घोडा आला, राजा नाही

संग्रहालयाचं नाव बदलणं म्हणजे नुसती पाटी बदलणं, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. मुंबईत भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. हे उसनं नाव नव्हे; हे संग्रहालय उभं राहावं म्हणून एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर भाऊ दाजी यांनी स्वतः खटपट केली होती. आत मात्र राणी व्हिक्टोरियाचा नवरा, संगमरवरी अल्बर्ट अजून उभाच आहे, आणि त्याला कुणी हलवलं नाही हे मला बरंच वाटतं.

खरी गंमत बाहेरच्या अंगणात. १९६५ साली दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा चौकातून उचललेला इंग्रज राजा सातवा एडवर्ड याचा पुतळा घोड्यासकट इथे आणून ठेवलाय. जवळच घारापुरीचा दगडी हत्ती. विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला, म्हणून राहिला! २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. घोडा आपला, राजा नको. एवढा नेमका निर्णय सरकारी ठरावात सहसा सापडत नाही.

बाकी संग्रहालयाला लागून असलेल्या बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव देऊन किती वर्षं झाली, पण बसमध्ये आजही तिकीट मागतात ते 'राणीची बाग'चंच.