कातकरी वाडीतला बचत गट दिवाळीनंतर का मोडतो? (शहापूर, जि. ठाणे)

भातखाचर:
शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत १२ बायकांचा गट बांधायचाय. आधीचे दोन दिवाळीनंतर मोडले. निम्मी घरं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात, निम्मी कल्याणकडे, आणि निघायच्या आधीच उचल (मालकाकडून आगाऊ पैसे) घेतलेली असते. महिन्याला १०० रुपये ठरवले तर भरणार कोण? बँकेचं कर्ज कधी मिळतं? आणि शिकवायची सुरुवात कुठून करायची?

हजारी:
१२ जणींचा एकच गट करू नका. उमेदमध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) एरवी १० ते २० जणी लागतात, पण दुर्गम आदिवासी भागात ५ जणींचाही गट चालतो. कोण कुठल्या भट्टीवर जाणार हे गणपतीतच विचारून घ्या आणि एका भट्टीच्या बायकांचा एक गट करा, ७ आणि ५ असा. वही-पेटी त्यांच्याबरोबरच जाऊ दे. खात्यावर सह्या असलेल्या दोघी दोन भट्ट्यांवर गेल्या तर पैसे काढणंच अडतं. गट मोडायचं हे मोठं कारण, पण त्याकडे कुणी बघत नाही.

महिन्याचे १०० विसरा. भट्टीवर पगार नसतो, आठवड्याची खर्ची (घरखर्चापुरते पैसे) असते. खर्ची मिळेल त्याच दिवशी बैठक आणि २० रुपये. लावणी संपल्यावर हात रिकामे असतात, तेव्हा १० चालतील असं पहिल्याच ठरावात लिहा. नाहीतर थकबाकी दिसते आणि बायका लाजेनं बैठकीलाच येत नाहीत.

खतावणी:
बँकेचं सांगतो. कर्जासाठी गट सहा महिने चाललेला लागतो. हे सहा महिने मोजतात ते गटाच्या वहीप्रमाणे, खातं उघडल्यापासून नव्हे. शाखेत हे ठासून सांगावं लागतं. साप्ताहिक बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री वहीत दिसली पाहिजे. पहिलं कर्ज जमा रकमेच्या ६ पट किंवा किमान दीड लाख, यातलं जास्त असेल ते. १० लाखांपर्यंत तारण नाही, बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के.

पण ७ जणींचे आठवड्याला २० म्हणजे २६ आठवड्यांत ३,६४० रुपये. एवढ्या बचतीवर दीड लाख मिळतात म्हणून सगळे उचलू नका. झेपेल तेवढेच घ्या, आणि हप्ता महिन्याऐवजी तिमाही मागा.

भातखाचर:
मग उचल बंदच करता येईल?

हजारी:
पहिल्या वर्षी नाही. उचल घेतात ती भादव्यातल्या धान्यासाठी आणि आजारपणासाठी. गटाचं पहिलं कर्ज तिथंच द्या, उचल तेवढी कमी होईल. उरलेलीसाठी भट्टीची वही ठेवा: उचल, खर्ची, पाडलेल्या विटा, कापून घेतलेलं. लिहिता येत नसेल तर हजार विटांना एक रेघ. तूटफूट म्हणून किती वजा केल्या ते त्याच दिवशी विचारायचं, हिशोबाच्या वेळी कुणालाच आठवत नाही. उचल फिटली नाही म्हणून भट्टी सोडू देत नसतील तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं ते कर्जच रद्द ठरतं, तहसीलदाराकडे जा. श्रमजीवी संघटना या जिल्ह्यात हेच काम करते.

खतावणी:
शिकवायची सुरुवात ‘शेकडा’पासून. महिन्याला शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के, शेकडा १० म्हणजे १२०. हे खडे मांडून दाखवा. मग दुसरा धडा: १०,००० रुपये, १० महिने, शेकडा २, महिन्याला १,००० मुद्दल फेड. व्याज पूर्ण रकमेवर लावलं तर २,००० होतं, उरलेल्या मुद्दलावर लावलं तर १,१००. दर तोच. गटानं दुसरी पद्धत ठरावातच लिहावी.

रेघोटी:
अंगठ्याचं राहिलं. विटा पाडून रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही, मग बँक मित्र (गावात पैसे काढून देणारा बँकेचा माणूस) पुन्हा पुन्हा लावायला सांगतो. ‘झालं नाही’ म्हणाला तरी पैसे कधी कधी कापलेले असतात. दर वेळी पावती घ्या आणि महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा. वीस रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा मे अखेरीस खात्यातून वळता होतो. त्या सुमाराला खात्यात किमान ५०० राहू द्या, नाहीतर विमा बंद पडतो आणि घरात कुणाला कळतही नाही.