चर्चा: पूर्व-पश्चिम आणि नायिका, कोणते प्रसंग दाखवावेत?

दादरकर: वाचनालयात दीड तासाचं सत्र आहे. हिंदी-मराठी सिनेमांतले तीनच तुकडे दाखवता येतील. कोणते घेऊ?

गिरगावची सुमा: ‘पूरब और पश्चिम’ (१९७०) घ्याच. लंडनची प्रीती सोनेरी केस, आखूड कपडे, हातात सिगारेट अशी येते आणि शेवटी साडीत दिसते. नुसतं गाणं लावलंत तर चर्चा कपड्यांवरच अडकते. बदल सांगतं कोण आणि तो होतो कोणाचा, हे विचारा. आधीचा आणि नंतरचा प्रसंग लागोपाठ दाखवा, दोन्ही मिळून सात-आठ मिनिटं पुरे.

अनंत: ‘दिलवाले दुल्हनिया’ (१९९५) जास्त गुंतागुंतीचा. राज बायकांत बसून गाजरं सोलतो, करवा चौथला स्वतःही उपाशी राहतो. पण सिमरनची आई दागिने देऊन पळून जा म्हणते, तेव्हा नकार त्याचाच. सिमरनला कोणी विचारत नाही! शेवट फलाटावर बापाने हात सोडल्यावरच. आईचा प्रसंग कापू नका, त्याशिवाय हा मुद्दा दिसतच नाही.

सुमा: तिसरा ‘कुंकू’ (१९३७). जरठ नवऱ्याला नाकारणारी नीरा अमेरिकी कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. म्हणजे पश्चिमेचं बोट धरून बंड, तेही प्रभात फिल्म कंपनीच्या सिनेमात. १९७०च्या सिनेमानंतर हे पाहिलं की काळ पुढेच सरकतो, हा समज गळून पडतो. म्हणून क्रम उलटा ठेवा, ‘कुंकू’ शेवटी. जुनी प्रत असेल तर आवाज आधी तपासा, शब्द कळले नाहीत तर सगळं फुकट.

दादरकर: झालं. कवितेच्या ओळी छापून वाटतो.