मानसिक आजार, बंदुका आणि सामूहिक हत्याकांडे: दोष नेमका कशाचा?

मेघना (एडिसन, न्यू जर्सी)

अमेरिकेत एखाद्या शाळेत, दुकानात किंवा प्रार्थनास्थळात गोळीबार झाला की पुढचे दोन-तीन दिवस तेच ते वाद कानांवर पडतात. एक बाजू म्हणते, बंदुका आवरा. दुसरी म्हणते, बंदूक आपोआप चालत नाही, चालवणाऱ्याचे डोके ठिकाणावर नसते, तेव्हा बंदोबस्त मनोरुग्णांचा करा. या दुसऱ्या बोलण्याची झळ आमच्या घरापर्यंत पोहोचते. माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. तो वेळच्या वेळी औषधे घेतो, अर्धवेळ नोकरी करतो आणि आमच्याकडेच राहतो. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर ओळखीतल्या एका कुटुंबाने आपली मुले आमच्याकडे पाठवणे बंद केले. कारण विचारले तर "तुम्हाला कळतंच आहे" एवढेच उत्तर मिळाले.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मानसिक आजार आणि अशी हत्याकांडे यांचा संबंध प्रत्यक्षात किती आहे? मानसोपचार घेणाऱ्या सर्वांची नावे सरकारी यादीत टाकून त्यांना बंदूक नाकारली, तर ही हत्याकांडे खरोखर थांबतील का? आणि तसे होणार नसेल, तर मग कशाने थांबतील? ज्यांनी या विषयावर वाचन केले आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डॉ. श्रीकांत (नागपूर)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि काही वर्षे अमेरिकेत काम केले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी देतो, कारण भावाच्या बाजूने बोलताना ते आपल्या उपयोगी पडतील.

ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वान्सन यांनी १९८० च्या दशकातील एका मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे असा हिशेब मांडला की स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्य हे आजार समाजातून उद्या पूर्णपणे नाहीसे झाले, तरी एकूण हिंसाचार साधारण ४ टक्क्यांनीच घटेल. उरलेल्या ९६ टक्क्यांचा उगम दारू, अमली पदार्थ, तरुण वय, गरिबी, लहानपणी भोगलेली मारहाण आणि असल्याच अनेक गोष्टींत आहे. हे झाले सर्वसाधारण हिंसाचाराचे. सामूहिक गोळीबाराचा वेगळा विचार केला, तर एफबीआयने २००० ते २०१३ या काळातील ६३ हल्लेखोरांचा अभ्यास करून २०१८ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात हल्ल्यापूर्वी मानसिक आजाराचे निदान झालेले हल्लेखोर सुमारे २५ टक्के निघाले. त्या निदानांमध्येही नैराश्य आणि चिंताविकार मोठ्या प्रमाणात होते. भ्रम आणि भास होणारे रुग्ण मोजकेच होते.

मात्र या आकड्यांवरून "मनाचा काहीच संबंध नाही" असा निष्कर्ष काढणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शाळेत जाऊन मुलांवर गोळ्या झाडणाऱ्या माणसाचे मन स्वस्थ असते, असे कोणी म्हणणार नाही. आयुष्यात आलेला प्रचंड ताण, साचलेला अपमान, आत्महत्येचे विचार आणि इतरांविषयीचा द्वेष या गोष्टी बहुतेक हल्लेखोरांत दिसतात. पण अस्वस्थ मन आणि निदान झालेला आजार या दोन गोष्टी एक नव्हेत. १४ मे २०२२ रोजी बफेलोतील किराणा दुकानात दहा कृष्णवर्णीयांना ठार करणारा तरुण वंशद्वेषाने पेटलेला होता. आदल्या वर्षी शाळेत 'पुढे काय करणार' या प्रश्नाला 'खून आणि आत्महत्या' असे उत्तर लिहिल्यामुळे त्याला तपासणीसाठी रुग्णालयात नेले होते आणि नंतर सोडून दिले होते. त्याच्या द्वेषावर माझ्याकडे औषध नाही, आणि त्याला वेडा ठरवून मोकळे होणे म्हणजे त्या द्वेषाला पाठीशी घालणे आहे, असे माझे ठाम मत आहे. २०१७ मध्ये लास वेगास येथे हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार करून साठ जणांचे प्राण घेणाऱ्या ६४ वर्षांच्या माणसाचा तर निश्चित हेतूच एफबीआयला सापडला नाही.

आपल्या परिचितांना एवढे अवश्य सांगा की स्किझोफ्रेनियाचा रुग्ण इतरांवर हल्ला करण्यापेक्षा स्वतःच हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते.

सुहास (ऑस्टिन, टेक्सास)

मेघनाताई, आपल्या भावाला जी वागणूक मिळाली तिचे वाईट वाटले. मी स्वतः दोन बंदुका बाळगतो, नेमबाजीच्या मैदानावर जातो आणि या देशाच्या घटनेने दिलेला हा हक्क मला महत्त्वाचा वाटतो. माझी बाजूही येथे नोंदली जावी, म्हणून लिहितो.

कायदे नाहीत असे नाही. न्यायालयाने ज्याला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे किंवा ज्याला सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केले आहे, अशा व्यक्तीला १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक घेता येत नाही. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने विक्रीपूर्वीची तपासणी आणली आणि १९९८ पासून ती संगणकीय यंत्रणेद्वारे होते. व्हर्जिनिया राज्यातील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचे उदाहरण पाहा. १६ एप्रिल २००७ रोजी तेथे ३२ जण मारले गेले आणि त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती. मारेकरी विद्यार्थ्याला डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधिकाऱ्यांनी स्वतःच्या जिवाला धोका असलेला ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. पण ते उपचार रुग्णालयात दाखल न होता घ्यायचे होते, म्हणून व्हर्जिनियाने त्याचे नाव यंत्रणेला कळवलेच नाही आणि त्याने दोन्ही पिस्तुले तपासणी पार करून विकत घेतली. आहे तो कायदा धड राबवायचा नाही आणि चाळीस कोटींच्या आसपास असलेल्या बंदुकांच्या प्रामाणिक मालकांवर नवी बंधने घालायची, हे मला पटत नाही.

रेड फ्लॅग कायद्यांविषयीही, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घेणाऱ्या कायद्यांविषयीही, माझा आक्षेप आहे. त्यांत पहिला आदेश समोरच्याचे म्हणणे न ऐकता निघतो. घटस्फोटाच्या भांडणात किंवा भाऊबंदकीत त्याचा गैरवापर होणार नाही, याची खात्री कोण देणार? टेक्सासने २०२५ मध्ये असे आदेश राज्यात चालू नयेत म्हणून कायदाच केला, आणि त्यामागची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

वैदेही (पोर्टलंड, मेन)

सुहास, आपण व्हर्जिनियाचे उदाहरण दिलेत. मी आमच्या मेन राज्यातील लुइस्टन येथील गोळीबाराचे देते, कारण ते गाव माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे, आणि २५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीपासून मारेकऱ्याचा मृतदेह सापडेपर्यंतचे दोन दिवस आम्ही सगळ्यांनी दारे-खिडक्या बंद करून काढले. एक बोलिंगचे सभागृह आणि एक बार, अशा दोन ठिकाणी १८ माणसे गेली. बारमध्ये त्या रात्री कॉर्नहोल या पिशव्या फेकण्याच्या खेळाची स्पर्धा होती, आणि तेथे खेळायला जमलेल्या कर्णबधिर मित्रांपैकी चौघे परत आले नाहीत.

मारेकरी ४० वर्षांचा, लष्कराच्या राखीव दलातील सार्जंट होता. लोक आपल्याविषयी घाणेरडे बोलतात असे त्याला ऐकू येऊ लागले होते. मे २०२३ मध्ये त्याच्या किशोरवयीन मुलाने आणि घटस्फोटित पत्नीने हे शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयाला सांगितले होते. जुलैमध्ये त्याने एक रायफल रीतसर तपासणी होऊन विकत घेतली. त्यानंतर काही दिवसांतच प्रशिक्षणासाठी न्यूयॉर्क राज्यात गेला असताना सहकाऱ्यांना त्याची अवस्था पाहवेना, आणि त्याला सुमारे तीन आठवडे मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. सुटून आल्यावर लगेच तो आधी मागवलेला सायलेन्सर (बंदुकीचा आवाज दाबणारा भाग) घ्यायला दुकानात गेला. तेथे भरायच्या अर्जात मनोरुग्णालयाविषयीचा प्रश्न असतो. त्याने त्यापुढे 'होय' अशी खूण केली आणि दुकानदाराने सायलेन्सर देण्यास नकार दिला.

या प्रसंगावर थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. कायद्याने आपले काम चोख केले, दुकानदारानेही केले, पण नाकारला गेला तो सायलेन्सर. रायफल त्याच्या घरी होती, ती घरीच राहिली. तपासणी विक्रीच्या क्षणी होते. ज्याच्याकडे आधीपासून शस्त्रे आहेत आणि ज्याची प्रकृती नंतर बिघडते, त्याच्या घराकडे ती वळूनही पाहत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच्या एका मित्राने लष्करातील वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत कळवले की हा माणूस सामूहिक गोळीबार करील असे मला वाटते. शेरीफचा माणूस दोनदा घरी गेला, दार उघडले गेले नाही, आणि शस्त्रे काढून घेण्याची जबाबदारी अखेर कुटुंबावर सोपवली गेली.

मेनमध्ये तेव्हा 'यलो फ्लॅग' नावाचा कायदा होता. त्यानुसार आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घ्यायचे, मग वैद्यकीय तपासणी करायची आणि त्यानंतर न्यायाधीशांपुढे जायचे. ताब्यात घेण्याइतपत पुरेसे कारण शेरीफच्या कार्यालयाकडे होते, असे स्वतंत्र चौकशी आयोगाने ऑगस्ट २०२४ मधील अहवालात नमूद केले. म्हणजे 'आहे तो कायदा राबवा' हे आपले म्हणणे येथे खरे ठरते. पण त्या कायद्याची पहिली पायरीच इतकी उंच होती की दार न उघडणाऱ्या माणसापुढे तो हतबल झाला, हेही तितकेच खरे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी कुटुंबीयांना थेट न्यायालयात जाता यावे, असा रेड फ्लॅग कायदा मतदानाने मंजूर केला. शिकारीची परंपरा असलेले हे राज्य आहे, घरोघरी बंदुका आहेत, आणि तरीही लोकांनी तो स्वीकारला.

मेघनाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. यादीने हा माणूस सापडला नसता, कारण मे महिन्यापर्यंत तो कोणत्याही यादीत बसणारा नव्हता. त्याला ओळखले ते मुलाने, पत्नीने आणि मित्राने. आपण माणसाचे निदान पाहत बसतो, आणि पाहायला हवे ते त्याचे गेल्या काही आठवड्यांतले वागणे आणि त्याच्या हाताशी असलेले शस्त्र.

डॉ. श्रीकांत (नागपूर)

वैदेही यांनी मुद्दा नेमका पकडला आहे. त्याला एक जोड देतो, कारण या चर्चेत तो भाग नेहमी मागे पडतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारांतले मृत्यू एकूण संख्येच्या एक टक्क्याच्या आसपास भरतात. मानसिक आजार आणि बंदूक यांचा खरा, भयंकर संबंध आहे तो आत्महत्येत. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळजवळ नऊ प्राणघातक ठरतात, आणि कोणत्याही प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती वाईट घटका टळली की माणूस जगतो. कनेक्टिकट राज्यात १९९९ पासून धोक्यातील माणसाच्या बंदुका जप्त करण्याचा असा कायदा आहे, आणि स्वान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे तेथे दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

यादीची मला वाटणारी भीती वेगळी आहे. उपचार घेतले की नाव नोंदले जाणार, असे कळले तर माणसे उपचारांनाच येणार नाहीत, आणि ज्यांना शस्त्राची सवय आहे ते पोलीस आणि माजी सैनिक तर सर्वांत आधी पाठ फिरवतील.

मेघना (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. सुहास यांचेही, कारण मतभेद असूनही त्यांनी माझ्या भावाविषयी आपुलकीने लिहिले. एक शंका राहते. तो काही वर्षांपूर्वी स्वेच्छेने रुग्णालयात दाखल झाला होता. त्याची नोंद त्या केंद्रीय यंत्रणेत गेली असेल का? त्याला बंदूक घ्यायची नाही, आम्हालाही घरात नको आहे. पण आपण गुन्हेगारांच्या रांगेत उभे केले गेलो आहोत का, असे तो मला अधूनमधून विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसते.

सुहास (ऑस्टिन, टेक्सास)

केंद्रीय कायद्यात स्वेच्छेने दाखल होणे हे 'सक्तीने दाखल करणे' धरले जात नाही, त्यामुळे केवळ त्या कारणाने बंदी लागू होत नाही. न्यू जर्सीत मात्र बंदूक खरेदीचे ओळखपत्र मागताना मानसिक उपचारांविषयी विचारतात आणि त्या नोंदी तपासण्यास संमतीही घेतात. पण तो प्रश्न अर्ज करणाऱ्यालाच येतो, आणि आपला भाऊ अर्ज करणार नाही. त्याला निःशंकपणे सांगा की त्याने कोणाचा काही गुन्हा केलेला नाही.

वैदेही, लुइस्टनचा आयोगाचा अहवाल मी वाचलेला नव्हता. दार न उघडणाऱ्या माणसाबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे. पहिला आदेश एकतर्फी निघाला तरी सुनावणी थोड्याच दिवसांत होणार असेल, खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा असेल आणि मुदत संपल्यावर शस्त्रे विनासायास परत मिळणार असतील, तर अशा कायद्याला माझा विरोध राहणार नाही. माझ्या राज्यात मात्र आज ती वाटच बंद आहे.

वैदेही (पोर्टलंड, मेन)

मेघनाताई, आपल्या राज्यात २०१९ पासून ती वाट खुली आहे. कुटुंबातील व्यक्ती किंवा पोलीस न्यायालयात अर्ज करू शकतात, तात्पुरता आदेश निघतो आणि दहा दिवसांच्या आत पुढील सुनावणी ठेवली जाते. आपल्याला तिची गरज नाही. पण ज्या कुटुंबाने मुले पाठवणे बंद केले, त्यांच्या ओळखीत कोणी नोकरी गमावून, चिडून, घरात बंदूक घेऊन एकटा बसलेला असेल, तर त्यांना ही माहिती अवश्य द्या. आणि कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, भारतात टेली-मानसचा १४४१६.