रूट ६६ ची शंभरी आणि आपला महामार्ग ६६

प्रश्न (चिपळूण): अमेरिकेतील 'रूट ६६' या रस्त्याला ११ नोव्हेंबर २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. १९८५ मध्ये तो सरकारी यादीतून वगळला गेला, तरीही नॅट किंग कोल यांनी १९४६ मध्ये गायलेले त्याचे गाणे आणि १९७४ पासून टेक्सासमधील अमॅरिलो शहराजवळ कलाकृती म्हणून जमिनीत अर्ध्या पुरलेल्या दहा कॅडिलॅक मोटारी यांमुळे तो लोकांच्या मनात टिकून आहे. पूर्वी १७ असलेला आपला मुंबई-गोवा महामार्गही आता ६६ च आहे. त्याच्या कडेच्या कोणत्या खुणा जपायला हव्यात?

उत्तर (महाड): सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्याबरोबर माणसेही गेली, म्हणून तेथे हौसेचे शिल्प नको, स्मृतिस्थळच शोभेल. मात्र जुन्या कशेडी घाटातील, बोगद्यामुळे वर्दळ ओसरलेल्या वळणांची छायाचित्रे आत्ताच काढून ठेवावीत, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर (सावंतवाडी): महामार्ग आता आमच्या शहराबाहेरून जातो आणि चितार आळीतील लाकडी खेळण्यांची दुकाने वाटेत लागत नाहीत. अमॅरिलोजवळच्या त्या कॅडिलॅक मोटारींवर येणारे-जाणारे स्वतः रंग फवारतात, त्यामुळे ती कलाकृती सतत बदलत राहते. आपल्याकडे महामार्गाच्या फाट्यावर इथल्याच कारागिरांनी रंगवलेली, माणसाच्या उंचीची लाकडी फळे उभी करावीत आणि दरवर्षी त्यांनाच ती नव्याने रंगवण्याचे रीतसर काम द्यावे.