मदत हवी आहे: फ्रिमाँट ते सांता बार्बरा, 'एल कामिनो रियाल' या जुन्या स्पॅनिश वाटेवरची मिशन्स तीन दिवसांत

अबोली_फ्रिमाँट
जुलैत भारतातून आई-बाबा येत आहेत, दोघंही सत्तरीचे. मुलाला चौथीत कॅलिफोर्नियाची मिशन्स, म्हणजे स्पॅनिश काळातली कॅथलिक धर्मप्रसाराची ठाणी, अभ्यासाला आहेत. 101 महामार्गाने खाली जाताना सॅन हुआन बाउतिस्ता, कार्मेल, सोलेदाद, सॅन अंतोनियो, सॅन मिगेल, सॅन लुइस ओबिस्पो, ला पुरिसिमा, सांता इनेस आणि सांता बार्बरा अशी नऊ ठरवली आहेत. आईचे गुडघे दुखतात. काय गाळू? आणि मिशन्स एकेका दिवसाच्या अंतरावर बांधत गेले म्हणतात, मग ओळीने पाहिली तर इतिहासही ओळीने कळेल ना?

वाटाड्या
नाही कळणार. पहिलं मिशन सॅन दिएगोला, 1769 मध्ये. दुसरं त्याच्या शेजारी नाही, तर थेट माँटेरेला, 1770 मध्ये. तेच पुढच्या वर्षी कार्मेलला हलवलं. मधल्या जागा नंतर भरत गेल्या. सांता इनेस तर 1804 चं. एकविसावं आणि शेवटचं, सोनोमाचं, 1823 चं. मुलाला नकाशावर प्रत्येक मिशनपुढे साल लिहायला लावा, चित्र आपोआप उलगडेल. रस्त्याकडेच्या घंटा दिसतील, त्या 1906 पासून लावलेल्या खुणा आहेत, स्पॅनिश काळातल्या नव्हेत. जुन्या वाटेचा खरा तुकडा सॅन हुआन बाउतिस्ताला, दफनभूमीच्या खालच्या अंगाला दिसतो. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जिथे भूकंप होतात ती जमिनीतली भेगही तिथूनच जाते.

नऊपैकी सोलेदाद, सॅन लुइस ओबिस्पो आणि सांता इनेस गाळा. सोलेदादला छप्पर गेल्यावर पावसाने कच्च्या विटांच्या भिंती विरघळल्या. आताचं चॅपल 1950 च्या दशकातलं आहे. सॅन मिगेल मात्र चुकवू नका. तिथली भिंतीवरची चित्रं 1820 च्या सुमारास एस्तेबान मुनरास या चित्रकाराच्या देखरेखीखाली तिथल्या मूळ रहिवासी सालिनान लोकांनी रंगवली आणि त्यांवर पुन्हा रंग चढवलेला नाही. 2003 च्या भूकंपानंतर चर्च काही वर्षं बंद होतं.

पहिल्या दिवशी सॅन हुआन बाउतिस्ता आणि कार्मेल, मुक्काम माँटेरेला. दुसऱ्या दिवशी सॅन अंतोनियो, सॅन मिगेल, मुक्काम पासो रोब्लेसला. तिसऱ्या दिवशी ला पुरिसिमा, सांता बार्बरा. तिथून फ्रिमाँटला परतायला पाचेक तास लागतात, म्हणून तिसरी रात्रही तिकडेच काढा.

अबोली_फ्रिमाँट
सॅन अंतोनियो लष्करी तळाच्या आत आहे ना? आई-बाबांकडे फक्त भारतीय पासपोर्ट आहेत.

कौलारू
हो, फोर्ट हंटर लिगेटच्या हद्दीत आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आधी मिशनच्या कार्यालयात फोन करून परदेशी पाहुण्यांबद्दल स्पष्ट विचारा. मूळ पासपोर्ट, गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद जवळ ठेवा. नाही जमलं तर त्याच दिवशी सोलेदाद घ्या, वाटेवरच आहे.

किंग सिटीला टाकी भरा, पाणी घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. तिथून जी-14, म्हणजे जोलोन रोड. परत मागे येऊ नका. लॉकवुडहून जी-18 रस्ता घेतलात की ब्रॅडलीजवळ 101 लागतो आणि सॅन मिगेल पुढेच आहे. जुलैत त्या खोऱ्यात दुपारी पारा सहज 38 अंशांच्या वर जातो, तर कार्मेलला धुक्यात स्वेटर लागतो. म्हणून सॅन अंतोनियो सकाळीच उरका.

आईंसाठी: ला पुरिसिमाला पार्किंगपासून इमारतींपर्यंत बरंच चालावं लागतं आणि वाट मातीची आहे. सांता बार्बराला चर्चसमोर पायऱ्या आहेत. शनिवारी लग्नं, रविवारी प्रार्थना. त्या वेळी चर्चमध्ये फिरता येत नाही. काही ठिकाणी आठवड्यात एक-दोन दिवस संग्रहालय बंद असतं, तेव्हा प्रत्येक मिशनच्या वेळा वेगळ्या तपासा.

शेवंती
मुलाला फक्त घंटा आणि कमानी दाखवू नका. या भिंती मूळ रहिवाशांनी उभ्या केल्या. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांना परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांना सैनिक पकडून आणत. गोवरासारख्या साथींनी माणसं फार मोठ्या संख्येने मेली. ला पुरिसिमाला हे समजावणं सोपं जातं. 1812 च्या भूकंपात पहिलं मिशन पडलं, दुसरं काही मैलांवर बांधलं. 1824 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी चुमाश लोकांनी उठाव करून ते जवळजवळ महिनाभर आपल्या ताब्यात ठेवलं. आज दिसतं ते 1930 च्या दशकात पुन्हा बांधलेलं आहे, पण राहण्याच्या खोल्या, कारखाने, पाण्याची व्यवस्था सगळं एकत्र दिसणारी जागा या वाटेवर दुसरी नाही. तिथे किमान अडीच तास ठेवा. वेळ कमी पडला तर सांता बार्बरातला कमी करा, इथला नको.